नाव पुकारणाऱ्याची लेक

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सुगंधा राहते. खिडकी उघडली की खाडीचा खारट वारा आत येतो आणि दोरीवरचे कपडे वाळले तरी हाताला दमट लागतात. मूळची ती आमच्या गावची, परभणीकडची. कळायला लागायच्या आधीच आईबापाबरोबर मुंबईला आली. मुंबईत जागा अपुरी पडत गेली तशी ही माणसं सरकत सरकत भाईंदरला येऊन टेकली. आता तिची चाळिशी उलटली आहे. लग्न केलं नाही. विचारणारे विचारून थकले. पुढे त्यांच्याच पोरांची लग्नं झाली आणि त्या लग्नांचे व्हिडिओ सुगंधाकडे कामाला आले.

तिचं काम आवाजाचं. लग्नाचं चित्रीकरण करणारे लोक तिच्याकडे आवाज पाठवतात आणि ती तो निवडते. आपल्याकडे बाया सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतात, तसं. सनईवर कुणी ओरडलेलं असतं, “ए, इकडं प्लेट दे रे!” मंगलाष्टकाच्या मधे एखादी मामी हिशेब सांगत असते, कुणाला साडी दिली आणि कुणाला नुसताच ब्लाउजपीस. सुगंधा हे सगळं काढून टाकते. शिकवलं कुणी नाही. एका छापखान्यात टायपिंग करता करता संगणक हाताशी आला, आणि कान तिला घरातूनच मिळाला होता.

कान कोणाचा, तर आईचा. तिची आई तुळसाबाई जात्यावर अशी गायची की शेजारच्या घरातलं जातं थांबायचं. बाप कोंडिराम मात्र सुरात कधी बसला नाही. आणि तरीही शाहीर दत्तारामांच्या गायन पार्टीत तो जन्मभर होता. मुंबईत औषधांच्या एका गोदामात नोकरी करायचा. एप्रिल आला, जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की रजा टाकून गावाकडे निघायचा. मालकाने एकदा विचारलं, “कोंडिराम, दरवर्षी कुणाचं लग्न असतं रे?” कोंडिराम म्हणाला, “साहेब, आमच्या अख्ख्या मुलखाचं असतं.”

त्या पार्टीच्या कॅसेटांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक सुगंधाच्या पलंगाखाली आहे. हार्मोनियमच्या पेटीवरच टेपरेकॉर्डर ठेवून कोंडिरामने त्या भरल्या. गावोगावचे कार्यक्रम, समोर जमिनीवर बसलेली माणसं, मागे डिझेलच्या मशीनची धडधड, मधूनच कुत्रं. शाहीर गेले, ढोलकीवाला गेला, पेटीवाला गेला. पार्टीतला उरला एकटा कोंडिराम, आणि त्याचेही कान जायला निघाले.

कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शीर सुकत चालली आहे, यंत्र लावा, पण उतार थांबायचा नाही. “जे ऐकायचं आहे ते आत्ता ऐकवून घ्या,” असं ते म्हणाले. घरी आल्यावर सुगंधाने ट्रंक ओढली.

वर्षभर तिने काम सांभाळून एकेक कॅसेट वाजवली आणि संगणकात उतरवून घेतली. उतरवण्यापुरता तिचा जुना संगणक पुरला. पण आवाज साफ करायला घेतला की तो धापा टाकायचा, पडदा गोठायचा, आणि शेवटी एका दुपारी तो बंद पडला तो पडलाच. उतरवलेला आवाज वेगळ्या डिस्कवर होता म्हणून वाचला. संगणक मात्र नवीन घ्यायला हवा होता. ती मीरा रोडला, शांती नगरमध्ये यतीनच्या दुकानात गेली.

यतीन हा गुजराती माणूस, सुट्या भागांतून संगणक जोडून देणारा. त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि तो स्वतः मात्र तिथे आरामात फिरतो. त्याने तिच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक होतं बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं लांबलचक लोखंडी मशीन, आत सर्व्हरचा प्रोसेसर. दुसरा साधा उभा डबा, आत डेस्कटॉपचा प्रोसेसर, नवाकोरा. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच.

“ताई, सीधी बात सांगतो,” यतीन म्हणाला. “प्रोसेसर म्हणजे मशीनचा डोका. सर्व्हरवाला डोका म्हणजे लग्नाचा आचारी. त्याला हात भरपूर. अख्ख्या मांडवाचा जेवण एकदम उतरवणार. दिवसरात्र चालवा, थकणार नाय. मेमरीत बारीकशी चूक झाली तरी स्वतःच पकडणार. पण एकेक हात धिमा. तुम्ही बोललात, मला एकच चपाती गरम दे, तर त्याचे बाकीचे हात नुसते उभे राहणार.”

“आणि हा दुसरा?”

“तो घरची बाई. हात कमी, पण चपळ. एक चपाती मागितली, एक मिनिटात ताटात. फुगलेली.”

“घरच्या बाईची उदाहरणं देऊ नका यतीनभाई. मी घरचीच बाई आहे आणि माझी चपाती आजवर फुगलेली नाही.”

यतीन हसला. “मग तुम्ही सांगा, तुमचा काम कसला? मांडवाचा की ताटाचा?”

सुगंधाला पलंगाखालची ट्रंक दिसली. आबांचे, म्हणजे कोंडिरामचे, कान दिसले. इतक्या कॅसेटा एकेक करून साफ करायच्या तर कान थांबणार नाहीत. सगळ्या एकदम मशीनला लावून द्याव्यात, भराभर साफ करून घ्याव्यात, आणि मग आबांना बसवून ऐकवाव्यात.

“मांडवाचा,” ती म्हणाली.

“आवाज करतो हां हा. ऑफिसच्या बंद खोलीत राहायची सवय आहे त्याला.”

“बँडवाल्यांच्या आवाजात जन्म गेलाय माझा.”

मशीन घरी आलं. टेबलावर मावेना म्हणून जमिनीवर चटई टाकून आडवं ठेवलं. बटण दाबलं आणि आतले बारके पंखे असे काही फिरायला लागले की तुळसाबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. भांड्याच्या मांडणीवरचे पेले थरथरत होते. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातल्या नीलमबेन उभ्या, हातात स्टीलचा डबा.

“सुगंधाबेन, घरघंटी लिया और बताया भी नहीं? थोडी बाजरी है, पीस दो ना.”

“नीलमबेन, ये चक्की नहीं है. कम्प्युटर है.”

“कम्प्युटर ऐसा बोलता है?” त्यांनी आत डोकावून पाहिलं. “अरे, मेरे जेठ के ऑफिस में है, वो तो चुपचाप बैठता है.”

“ये जरा बडे घर का है,” सुगंधा म्हणाली.

नीलमबेन डबा घेऊन परत गेल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की चक्कीच आहे आणि सुगंधाबेनला दळून द्यायचं नाही.

मशीनने मात्र काम चोख केलं. सुगंधाने एकदा सगळं बसवून दिलं: खरखर काढ, डिझेल मशीनची धडधड काढ, आणि गाणं थांबून बोलणं सुरू झालं की ते बोलणं काप. हा शेवटचा हुकूम तिने विचार करून दिला नाही. इतकी वर्षं लग्नाच्या आवाजातून ती मधलं बोलणं काढत आली होती. हाताला तेच वळण पडलेलं. मशीनच्या सगळ्या हातांनी एकदम कॅसेटा धरल्या आणि आठवडा उलटायच्या आत ट्रंकेतलं सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं तयार झालं. शाहिरांचा आवाज असा स्वच्छ, जणू कालच गायले. तुळसाबाईचे डोळे भरले. “बया, दत्तारामच बसलाय की गं दारात.”

सुगंधाने मशीन बंद केलं, गाणी फोनवर घेतली, आबांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. कोंडिरामने डोळे मिटले. मांडीवर बोटांचा ठेका सुरू झाला. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि आजूबाजूला पाहिलं, भरल्या बाजारात आपलं माणूस हुडकावं तसं.

“सुगंधे, ह्यात मी कुठं हाव?”

“आबा, तुम्ही कोरसात आहात ना. मागं.”

कोंडिराम हसले, आणि ते हसू तिला बरं वाटलं नाही. “कोरसात मी नुसते व्हट हलवायचो, बाई. माझा सूर कुठं लागायचा. शाहीर म्हनायचे, कोंडिबा, तू गाऊ नको, तू नाव पुकार.”

तेव्हा तिला कळलं आपण काय कापलं ते.

ज्यांनी हे कार्यक्रम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाणं रंगात आलं की समोरच्या माणसांतून कुणी उठायचं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबलेलं माणूस. कनवटीची नोट काढायचं, चुरगळलेली, घामाने ओली, आणि शाहिरांपुढे धरायचं. गाणं थांबायचं. आणि कोंडिराम माईक हातात घ्यायचा. “पिंपरीचे आयुष्मान लक्ष्मण गायकवाड यांच्याकडून शाहिरांना खुशीची भेट! पार्टी त्यांची आभारी आहे!” ज्या माणसाला गावात कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नव्हती, त्याचं नाव बापाच्या आडनावासकट कर्ण्यातून अख्ख्या शिवारावर जायचं. ते माणूस मग जाग्यावर बसायचं तेव्हा वेगळंच बसायचं. मी स्वतः पाहिलं आहे. कोंडिरामचा आवाज गाण्याचा नव्हता, पण नाव घ्यावं ते त्यानेच. नाव तो उंच धरायचा. शेवटचं अक्षर जमिनीला लागू द्यायचा नाही.

मशीनने ती सगळी नावं कचऱ्यात काढली होती.

मूळ कॅसेटा होत्या, उतरवलेला कच्चा आवाजही होता, त्यामुळे बुडालं काही नाही. सुगंधाने हुकूम बदलला आणि मशीनला पुन्हा कामाला लावलं. बोलणं ठेव, फक्त खरखर काढ. पुन्हा घर थरथरलं, पुन्हा पेले वाजले. नावं परत आली. पण कशी? कोंडिरामचा आवाज होता, त्याच्या भोवती मात्र काहीच नव्हतं. नाव पुकारल्यावर माणसांतून उठणारी लहर, एखाद्या बाईचं लाजून हसणं, “अरे बापू, तुझं नाव आलं!” म्हणून मागून आलेली हाळी, हे सगळं मशीनने खरखरीत धरलं आणि काढलं. कापूस भरलेल्या खोलीत एकटा माणूस नावं घेत बसल्यासारखं वाटत होतं.

“हे न्हवं,” कोंडिराम म्हणाले. “ह्याच्या मागं मानसं व्हती. थांब, मागं घे. इथं कुनीतरी बोलतंय. त्याला वर आन.”

आता हेडफोन थेट मशीनलाच जोडायला हवा होता. सुगंधा मागे घ्यायची, आवाज बदलायची, आणि मशीन विचार करत बसायचं. यतीनने सांगितलं होतं तेच. एका कॅसेटच्या एका क्षणावर काम होतं, तिथे एकच हात चालणार आणि तो धिमा. बाकीचे सगळे हात रिकामे उभे. बटण फिरवलं की बदल कानावर यायला इतका वेळ लागायचा की कोंडिराम तोवर काय ऐकायचं होतं ते विसरायचे. त्यात पंख्यांचा आवाज हेडफोनमधून आत घुसायचा. थोड्या वेळाने ते हेडफोन उतरवून ठेवायचे. “राहू दे. मला ह्या गिरणीत ऐकू येईना गेलंय.”

असे बरेच दिवस गेले. त्या दिवसांत सुगंधाच्या लक्षात आलं की आबा आता कुकरची शिट्टी ऐकून मान वळवत नाहीत.

मी गावाहून काही कामासाठी आलो होतो आणि तिच्याकडेच उतरलो होतो. आम्ही दोघं खिडकीपाशी चहा घेत बसलो होतो. मशीन बंद होतं, म्हणून बोलता येत होतं. ती म्हणाली, “भाऊ, हे मशीन चांगलं आहे. ह्यात खोट नाही. हे ठेवलं तर सगळ्या कॅसेटा पूर्ण होतात. आणखी नीट बसवून दिलं तर आणखी बऱ्या होतील. माझ्या मागं कुणी ऐकेल, त्याला अख्खी पार्टी मिळेल. आणि परत केलं तर…”

“तर?”

“तर मला आबांच्या शेजारी बसावं लागेल. एकेक कॅसेट, एकेक नाव. ते म्हणतील मागं घे, मी मागं घेणार. ते म्हणतील हे कुत्रं राहू दे, हे दगडूचं कुत्रं आहे, मी राहू देणार. असं केलं तर सगळ्या कॅसेटा होत नाहीत. त्यांचे कान आधी संपतील.”

गावात आम्ही असल्या वेळी बोलत नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरून सूचना करू नयेत, ज्याच्या हातात दोर आहे त्याने फक्त दोर धरावा.

तुळसाबाई मधेच म्हणाली, “समद्या कशाला पाहिजेत गं? समदं कुनाचं झालंय?” आणि मग स्वतःच्याच बोलण्याला लगेच फाटा देऊन म्हणाली, “पर शाहिराचं ते पहाटेचं गानं मातर घे बाई. ते सुटू देऊ नको.” असं कुणी मनापासून सांगितलं की निर्णय आणखी अवघड होतो.

दुसऱ्या दिवशी सुगंधा रिक्षात मशीन घालून शांती नगरला गेली. मी सोबत होतो, एक टोक मी धरलं होतं. यतीनने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“रिटर्न नाय हां ताई.”

“रिटर्न नको. बदलून द्या. तो दुसरा डबा द्या.”

“खराब झाला काय?”

“नाही. तुम्ही विचारलं होतं, मांडव की ताट. मी चुकीचं बोलले.”

यतीनने मशीन उघडून पाहिलं, फुंकर मारली, पुन्हा बंद केलं. हिशेबाच्या वह्या ठेवणारं एक ऑफिस त्याच्याकडे असलंच काही मागत होतं, त्यांना चालेल म्हणाला. “पण ताई, एक सांगू? हा नवावाला तुमचा काम धिमा करणार. एकदम सगळा टाकाल तर रडणार.”

“एकदम सगळं टाकणारच नाही,” सुगंधा म्हणाली.

नवा डबा टेबलावर मावला. चालू आहे की नाही हे पाहायला वाकून दिवा बघावा लागायचा. त्याच दिवशी संध्याकाळी तिने दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या. एकाच जोडणीवर दोन हेडफोन लावले, एक आबांच्या कानांवर, एक स्वतःच्या. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ डोंगररांगेसारखी पसरली. ती बोटाने एखादी जागा दाबायची आणि त्याच क्षणी आवाज बदलायचा. पेटी खाली, माणसं वर. ढोलकी खाली, कर्णा वर. कोंडिराम मान हलवायचे, हाताने खूण करायचे. आणखी. बास. उतरव जरा.

“हे दगडूचं कुत्रं,” ते खरंच म्हणाले. “शाहीर चढले की ते बी चढायचं. राहू दे त्याला.”

एका कॅसेटला कधी पंधरवडा लागतो. कधी एखादा दिवस आबांना काहीच ऐकू येत नाही आणि दोघं नुसती बसून राहतात. लग्नाची कामं ती आता सकाळी उरकते. तुळसाबाईने सांगितलेलं पहाटेचं गाणं सगळ्यात आधी घेतलं. ट्रंकेतल्या बऱ्याच कॅसेटा तशाच कच्च्या पडून आहेत, आणि सगळ्या होतील असं सुगंधा आता कुणाला सांगत नाही.

माझं काम लांबलं तसा मुक्कामही लांबला. मी निघायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. टाकळीचा कार्यक्रम लागला होता. शाहीर थांबले, कोंडिरामचा आवाज आला, तरणा, खणखणीत. “एका आयुष्मतीकडून खुशीची भेट! नाव सांगत नाहीत. पार्टी त्यांची आभारी आहे!”

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने हात वर केला. “थांब. ती नाव सांगत व्हती. मला ऐकूच आलं नाही, पेटीवाल्यानं मधीच सूर धरला. मी आपलं म्हनून टाकलं, सांगत नाहीत म्हनून. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मान खाली घालून गेली.” मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, “मागं घे.”

सुगंधाने मागे घेतलं. पेटीचा सूर दाबला. तो दबेना, दुसरीकडून दाबला. त्याच्याखाली कुजबुज होती, ओढणीखाली दिवा धरावा तशी. तिने ती कुजबुज हळूहळू वर काढली. कोंडिराम पुढे वाकले, डोळे घट्ट मिटले, कपाळावर आठ्या चढल्या. पुन्हा लावलं. पुन्हा.

“न्हाई येत,” ते म्हणाले. “गेला माझा कान.”

सुगंधाला मात्र आलं होतं. तिने आबांच्या डोक्यावरचे हेडफोन काढले, खुर्ची सरकवली, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि दोन्ही हातांची ओंजळ करून सांगितलं. “सोजरबाई किसन कांबळे. टाकळी.”

म्हाताऱ्याने दोन्ही गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उभा राहिला. समोर भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याने मूठ तोंडाशी धरली.

“टाकळीच्या आयुष्मती सोजरबाई किसन कांबळे यांच्याकडून शाहिरांना खुशीची भेट! पार्टी त्यांची आभारी आहे!”

आवाज थरथरला, पण शेवटचं अक्षर जमिनीला लागलं नाही. स्वयंपाकघरातून तुळसाबाई दाराशी येऊन उभी राहिली.

सुगंधाने घाईघाईने माईक जोडला. तिने पुन्हा आबांच्या कानाशी वाकून विचारलं, “आबा, एकदा परत म्हणा ना. भरून घेते.”

कोंडिराम खुर्चीत बसले. त्यांनी मान हलवली.

“नाव एकदाच पुकारायचं असतं, बाई. दोनदा पुकारलं की उपकार केल्यासारखं वाटतं.” मग हेडफोन स्वतःच उचलून डोक्यावर ठेवले. “चल. पुढचं लाव.”

तिने माईकची वायर काढली आणि पुढचं लावलं.